टी-पॉइंटच्या खालची गाठ

कपाशीच्या वेचणीत अनवाणी पायात पऱ्हाटीचा खुंट रुतला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ येते. चालताना दुखते, ताप भरतो. आमच्याकडे याला अवधाण म्हणतात. अवधाण आलं की आजी जांघेकडे बघायचीच नाही. दिव्याशी नेऊन पायाचा तळवा उलटा करायची. "कुठं काय रुतलंय ते आधी बघू दे," म्हणायची. खुंट निघाला, जखम बसली, की गाठही आपोआप बसे.

आजीला लसिकाग्रंथी हा शब्द माहीत नव्हता, पण गाठ हा दुसरीकडून आलेला निरोप असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्या अंगात अशा शेकडो गाठी आहेत. एरवी त्या डाळीच्या किंवा शेंगदाण्याच्या आकाराच्या असतात आणि हाताला लागतही नाहीत. अंगभर फिरून येणारा पातळ रस, म्हणजे लसिका, त्यांच्यातून गाळला जातो. त्यात जंतू, धूळ किंवा भलत्या पेशी सापडल्या की तिथल्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात आणि गाठ फुगते. मान, काख आणि जांघ इथल्या गाठी बोटांना सापडतात. मानेतल्या क्षयाच्या गाठींना तर आपल्याकडे पूर्वीपासून गंडमाळ हे नावच आहे. पण दोन फुप्फुसांच्या मधोमध, हृदयाला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून बसलेल्या गाठींचं काय? तिथे बोट पोचत नाही. पुढून छातीचं हाड, मागून मणका, दोन्ही बाजूंनी हवेने भरलेली फुप्फुसं. आजीची रीत तिथे कशी चालवायची, हा प्रश्न आमच्या घरात मामीच्या निमित्ताने आला.

मामी सोयगाव तालुक्यातल्या, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या गावात राहते. वय अठ्ठावन्न. दोन-तीन महिने खोकला जाईना, वजन उतरलं, म्हणून मामांनी पाचोऱ्याला नेऊन छातीचा फोटो काढला. मग जळगावला सिटी स्कॅन. दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या गाठी वाढलेल्या, त्यातली सर्वांत मोठी सव्वादोन सेंटिमीटरची. सिटी स्कॅनवर गाठीची आखूड बाजू एक सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली की ती वाढलेली धरतात. थुंकी तपासली, तिच्यात क्षयाचे जंतू नव्हते. एका डॉक्टरांनी सांगितलं, "टीबीच असणार, कोर्स सुरू करू."

त्यांचा अंदाज हवेतला नव्हता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि इथे छातीत गाठी दिसल्या की पहिलं नाव क्षयाचंच येतं. तरीही तो अंदाजच होता. तीन आठवड्यांत मामीचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. क्षयाच्या औषधांतली तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. ज्याला क्षय आहे त्याच्यासाठी तो धोका पत्करण्यासारखा असतो, कारण औषधाने माणूस वाचतो. ज्याला क्षय आहे की नाही हेच कुणी पाहिलेलं नाही, त्याने तो का सोसावा? मला राग त्या डॉक्टरांचा येत नाही. गाठीचा नमुना बिनटाक्याचा काढता येतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही, याचा मात्र आजही येतो. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

छातीतल्या या जागेचा नकाशा आमच्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. संभाजीनगरहून घाट उतरून फर्दापूरकडे येताना लेण्यांचा टी-पॉइंट लागतो, तसा एक टी-पॉइंट श्वासनळीलाही आहे. गळ्यातून खाली दहा-बारा सेंटिमीटर सरळ आलेली नळी तिथे दुभंगते. एक फाटा उजव्या फुप्फुसात जातो, दुसरा डाव्या. या फाट्याच्या बरोबर खाली गाठींचा एक मोठा घोस असतो. डॉक्टर त्याला सात नंबर म्हणतात. मुख्य नळीच्या दोन्ही अंगांना वर दोन आणि खाली चार नंबर, फुप्फुसाच्या दारात दहा नंबर, त्याच्याही आत अकरा. क्रमांक एकपासून चौदापर्यंत आहेत, आणि उजवी-डावी बाजू वेगळी सांगतात. अजिंठ्याची लेणी जशी वयाने नव्हे तर जागेने मोजलेली आहेत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, तसंच हेही. नारुके या जपानी शल्यविशारदांनी १९७०च्या दशकात असा नकाशा आखला, पुढे त्यात सुधारणा झाल्या. आज सगळीकडे २००९ सालचा नकाशा वापरतात. 'चार नंबर उजवी' म्हटलं की मुंबईच्या आणि टोकियोच्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे एकच जागा येते.

या जागेपर्यंत पोचायची जुनी वाट शस्त्रक्रियेची होती. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९५९ साली ती रूढ केली. पूर्ण भूल द्यायची, गळ्याच्या खळगीत छेद घ्यायचा, छातीच्या हाडामागून श्वासनळीलगत एक नळी सरकवायची आणि गाठीचा तुकडा घ्यायचा. पद्धत भरवशाची आहे आणि काही रुग्णांना आजही लागते. पण शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, टाके आणि धोका हे सगळं तिच्याबरोबर येतं. खोकल्यासाठी आलेल्या माणसाला गळा कापायचा म्हटलं की तो घरी निघून जातो, आणि मग अंदाजाचा कोर्स सुरू होतो.

दुसरी वाट श्वासनळीच्या आतून होती. अर्जेंटिनाचे शिएपाती यांनी १९४९ साली ताठ दुर्बिणीतून टी-पॉइंटला सुई टोचून पलीकडच्या गाठीतला नमुना घेण्याची रीत मांडली. १९६०च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी दुर्बीण आणली. पुढे अमेरिकेत को-पेन वांग यांनी तिच्यातून सुई लावण्याची पद्धत बसवली. अडचण एकच राहिली. दुर्बिणीला श्वासनळीची आतली भिंत दिसते, भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. सिटी स्कॅन आठवून, अदमासाने सुई टोचायची. पलीकडे गाठ आहे तशी महाधमनीही आहे आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी मोठी धमनीही. डॉक्टरचा हात कितीही बसलेला असला तरी भिंतीआडचा नेम तो भिंतीआडचाच.

मग सोनोग्राफी का नाही? बाळ दिसतं, पित्ताशयातले खडे दिसतात, तर छातीतली गाठ का दिसू नये? कारण सोनोग्राफीचा आवाज, जो आपल्या कानांना ऐकू येत नाही, तो हवेतून पुढे जात नाही आणि हाडावरून परत फिरतो. बाहेरून मशीन लावलं की बरगड्या आणि फुप्फुसातली हवा हे दोन्ही आडवे येतात. बाहेरून दिसत नसेल तर मशीन आत न्यावं, हे त्याचं उत्तर. हे करायला बरीच वर्षं लागली. जपानच्या चिबा विद्यापीठात काझुहिरो यासुफुकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफीचा छोटा, बाहेर फुगलेला डोळा बसवला आणि त्याच नळीतून सुई नेली. त्यांचं पहिलं मोठं काम २००४ साली छापून आलं. या तपासणीचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. डॉक्टर तिला 'ईबस' म्हणतात, आणि रुग्णाचे नातेवाईक 'दुर्बिणीची सोनोग्राफी' म्हणतात. मला दुसरं नाव जास्त नेमकं वाटतं.

मामीची ईबस पुण्यात झाली. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. सकाळी घशात कडू फवारा मारून घसा बधिर केला, हाताच्या शिरेतून झोपेचं औषध दिलं. पूर्ण भूल लागली नाही. दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली, म्हणजे नळी चावली जात नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण सात मिलिमीटरची ती नळी तोंडातून गेली. आम्ही बाहेर बाकावर होतो. पाऊण तासाने तिला बाहेर आणलं. नंतर डॉक्टरांनी मला बसवून घेऊन रेकॉर्डिंग दाखवलं, ते इथे सांगतो.

पडदा दोन भागांत होता. एका बाजूला साध्या कॅमेऱ्याचं चित्र, गुलाबी, ओलसर बोगदा. मधूनमधून कूर्चेच्या पांढुरक्या कड्या, विहिरीच्या कड्यांसारख्या. दुसऱ्या बाजूला सोनोग्राफीचं पंख्याच्या आकाराचं काळंकरडं चित्र, आणि सुरुवातीला तिथे नुसता धूर. कारण श्वासनळीतही हवाच आहे. मग टोकाशी असलेल्या इवल्याशा फुग्यात सलाइन भरलं, फुगा भिंतीला टेकला, आणि धुरातून एकदम आकार उभे राहिले. हवा गेली, पाणी आलं, आवाजाला वाट मिळाली. सात नंबरची गाठ करड्या, लांबट वालाच्या दाण्यासारखी दिसत होती. तिच्याखाली काहीतरी धडधडत होतं. ते हृदयाचं डावं वरचं दालन. डॉक्टरांनी एक बटण दाबलं तशी चित्रात लाल-निळी लकेर उमटली. जिथे रंग तिथे वाहतं रक्त, तिथे सुई न्यायची नाही. गाठीवर रंग आला नाही.

मग सुई. इंजेक्शनच्या सुईएवढीच, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची. दोन कड्यांच्या मधल्या मऊ जागेतून ती आत घुसताना पडद्यावर पांढरी रेघ दिसते, गाठीच्या पोटात जाऊन थांबते. आत असलेली बारीक तार काढून टाकतात, मागे ओढून धरलेली सिरिंज जोडतात आणि सुई गाठीतल्या गाठीत दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करतात. ती रेघ पूर्ण वेळ डोळ्यांसमोर असते. अंदाज आणि ही तपासणी यांतला सगळा फरक त्या एका रेघेत आहे. एकाच गाठीतून असं तीन-चार वेळा करतात.

सुई बाहेर आली आणि काचपट्टीवर थेंब ठेवला, तो काळा होता. रक्ताचा नव्हे, काजळीचा काळा. त्याआधी कॅमेऱ्यातही नळीच्या भिंतीवर दोन ठिकाणी काळे डाग दिसले होते, शाई सांडल्यासारखे. डॉक्टरांनी विचारलं, "घरात स्वयंपाक कशावर होतो?" मामी सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीवर. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडं. गॅस आला, पण भाकरी चुलीवरचीच. चाळीस वर्षांचा धूर फुप्फुसात गेला, तिथल्या पेशींनी तो उचलला आणि जवळच्या गाठींत नेऊन साठवला. त्या पेशींनी आपलं काम केलं होतं. कार्बन मात्र पचत नाही. तो साचत जातो, गाठी फुगतात, नळ्या आक्रसतात, खोकला राहतो. खेड्यापाड्यातल्या, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायांमध्ये हे दिसतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण काळी गाठ दिसली म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. अशा काळ्या गाठींबरोबर क्षयही असू शकतो.

इथे बाटल्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सुईतून निघालेला नमुना तीन वाटांनी जायला हवा. थोडा काचपट्ट्यांवर, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला. थोडा फॉर्मॅलिनमध्ये, ऊतकाची वडी करून तिचे पातळ काप घ्यायला. आणि थोडा साध्या सलाइनमध्ये, क्षयाच्या जंतूंचा शोध घ्यायला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, आणि मग तो कोणत्या औषधाला दाद देतो हे कळायची वाट बंद होते. गावातल्या एका मुलाच्या मानेची गाठ काढली तेव्हा ती सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेली होती. क्षय ठरला, पण औषधाला न दबणारा क्षय आहे की साधा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून नातेवाइकांनी सुई लावायच्या आधीच विचारावं: "थोडा नमुना सलाइनमध्ये टीबीसाठी ठेवणार ना?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

सलाइनमधला नमुना आधी जनुकांवर चालणाऱ्या यंत्रात जातो, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. काही तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दबतो का, एवढं कळतं. उरलेला नमुना द्रव माध्यमात वाढायला ठेवतात. त्याला सहा आठवडेही लागतात, कारण क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. ब्रिटनमध्ये छातीतल्या गाठींचा क्षय असलेल्या १५६ रुग्णांचा अभ्यास २०११ साली आला. ईबसने त्यातल्या ९४ टक्क्यांत निदान हाती लागलं, आणि ४७ टक्क्यांत जंतू वाढवून दाखवता आला. बाकीच्यांत पेशींच्या रचनेवरून ठरवावं लागलं. म्हणजे एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही, तीनही बाटल्या लागतात.

क्षयाशी ज्याची सर्वांत जास्त गल्लत होते तो आजार सारकॉइडोसिस. त्यातही छातीत गाठी येतात, बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या दारांत सारख्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींचे घट्ट पुंजके दिसतात. क्षयाच्या पुंजक्यांचं पोट बरेचदा कुजून दह्याच्या चोथ्यासारखं झालेलं असतं, सारकॉइडचे पुंजके कोरडे, नीटस. सारकॉइड संसर्गाचा आजार नाही, अनेकांत तो औषधाशिवाय ओसरतो, आणि लागलंच तर स्टेरॉइड देतात. आता गोंधळ बघा. सारकॉइडच्या माणसाला क्षयाचा कोर्स दिला तर सहा महिने फुकट जातात आणि यकृत शिणतं. क्षयाच्या माणसाला सारकॉइड समजून नुसतं स्टेरॉइड दिलं तर क्षय भडकतो. दोन्ही चुका अंदाजातून होतात, आणि दोन्ही एका सुईने टळू शकतात.

कॅन्सरमध्ये हीच सुई वेगळं काम करते. फुप्फुसातली गाठ कापून काढण्यात अर्थ आहे की नाही, हे मधल्या लसिकागाठींत कॅन्सर पोचलाय का, यावर ठरतं. डॉक्टर मुद्दाम आजाराच्या विरुद्ध बाजूच्या गाठीपासून सुरुवात करतात आणि मग आजाराकडे येतात, म्हणजे सुईला चिकटलेल्या पेशी चुकीच्या गाठीत जाऊन खोटी साक्ष देत नाहीत. २०१० सालच्या एका युरोपीय अभ्यासात आधी आतली सोनोग्राफी केली तेव्हा व्यर्थ छाती उघडण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. शंभरातल्या अकरा माणसांची छाती विनाकारण उघडावी लागली नाही. आणि ज्यांना फुप्फुसात काहीच नाही, नुसत्या मधल्या गाठी वाढल्यात, अशा ७७ रुग्णांवर ब्रिटनच्या पाच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात ८७ टक्क्यांची गळ्याची शस्त्रक्रिया टळली. उरलेल्या दहांना ती करावी लागली, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं.

मामीला तपासणीआधी शेजारणींनी एकच धाक घातला होता: "गाठीला सुई लावू नको, खवळते." ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. ईबसच्या सुईने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं जगभरात विरळा, बोटांवर मोजण्याजोगी आहेत. गाठ आपल्या गतीने वाढत असते. सुई लावली त्याच सुमारास ती वाढलेली दिसली, की दोष सुईला जातो. खरे धोके वेगळे आणि थोडे आहेत: रक्तस्राव, फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर येणं, ताप, जंतुसंसर्ग. गंभीर त्रास शंभरात एखाद्याला, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी जणांना होतो. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगायलाच हव्यात, आणि त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील. तपासणीनंतर घसा बधिर असेतो, साधारण दोन तास, पाण्याचा घोटही द्यायचा नाही, नाहीतर तो श्वासनळीत जातो. मामांनी चहा आणला होता, नर्सने तो परत पाठवला. एक-दोन दिवस थुंकीत रक्ताची तार दिसली तर घाबरायचं कारण नाही.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. महाधमनीच्या पलीकडच्या पाच आणि सहा नंबरच्या गाठींपर्यंत ही नळी पोचत नाही. अन्ननळीलगतच्या खालच्या गाठींसाठी तीच नळी अन्ननळीतून न्यावी लागते. लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठींचाच कॅन्सर, त्याचे इतके प्रकार आहेत की सुईतल्या मूठभर पेशी पुरत नाहीत. मोठा तुकडा लागतो, मग कधी गोठवून तुकडा काढणारी बारीक सळई वापरतात, कधी जुनी शस्त्रक्रियाच. आणि अहवालात 'काही सापडलं नाही' आलं तर आजार नाही असं समजून घरी जायचं नसतं. नमुना पुरेसा होता का, त्यात लसिकागाठीच्या पेशी होत्या का, हे विचारायचं, आणि गाठीवर लक्ष ठेवायचं.

सोयगावहून हे करायचं म्हणजे प्रवास आला. आमच्या तालुक्याचं गणितच तसं आहे. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, सिल्लोड-फुलंब्री ओलांडून, आणि रोजचा व्यवहार डोंगराखाली पाचोरा-जळगावशी. ईबसचं यंत्र महाग, ते चालवणारे हात कमी, म्हणून ती मोठ्या शहरांतच होते. निघताना एक काम न विसरता करावं: आधीचे फोटो, सिटी स्कॅनच्या फिल्म आणि सीडी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, सगळं एका पिशवीत घालून न्यावं. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तीच गाठ तेवढीच असेल तर डॉक्टरच्या विचाराची दिशा बदलते.

मामीच्या अहवालात गाठीच्या पुरेशा पेशी होत्या, काळे कण होते, पुंजके नव्हते, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. यंत्राच्या चाचणीत क्षय नव्हता. डॉक्टरांनी तरी सहा आठवडे थांबायला सांगितलं, वाढीचा अहवाल येईपर्यंत कोणतंही क्षयाचं औषध नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. मामा रोज फोन करायचे. बेचाळिसाव्या दिवशी निरोप आला: वाढ नाही.

त्या दिवशी मी मामीला ती काचपट्टी आठवून सांगत होतो, किती काळा थेंब होता तो. तिने मधेच थांबवलं. "म्हणजे तव्याखालचं काळं जसं असतं तसं?" म्हणाली. तसंच, म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "तुझ्या आईच्या छातीचा फोटो कधी काढलाय का रे?"